गाडी बाजूला घ्या

"जरा डावीकडे. अजून. बास! आता चाक त्या दगडावरूनच जाऊ द्या. दगड पोटाखाली घेऊ नका."

वहिनी गाडीपुढे उलटी चालत दिराला वाट दाखवत होती. पिकअपच्या मागच्या बाजूला मधमाश्यांच्या पेट्या दोरांनी करकचून बांधल्या होत्या, दारांना जाळी लावलेली. पठार ओलांडून त्या पलीकडच्या फुलोऱ्यात उतरवायच्या होत्या, तेही ऊन तापायच्या आत. बंद पेटीत माश्या उकडून मरतात. आणि ऊन तर तापायला लागलंच होतं.

दिराने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "वहिनी, मी गाडी चालवतोय की तान्ह्या बाळाला चालायला शिकवतोय?"

"गेल्या खेपेला याच बाळाचं पोट दगडावर फाटलं होतं, भाऊजी. इंजिनातलं सगळं तेल वाटेवर. विसरलात?"

दिराने डोकं आत घेतलं. गाडी गॅरेजात पडून राहिली तेव्हा एक अख्खा बहर हातचा गेला होता. आणखी एक गेला तर पेट्या विकाव्या लागतील, हे घरात कुणी बोलत नसलं तरी सगळ्यांना ठाऊक होतं.

दगड संपले आणि पठार लागलं. कमरेएवढं गवत, वाळून कडकडीत झालेलं, आणि त्यातून गेलेली दोन चाकांची मातकट वाट. वहिनी आत येऊन बसली. वाटेच्या मधोमध वाढलेलं गवत गाडीच्या पोटाला सरसर घासत होतं. वारा सुटला होता.

बरंच अंतर गेल्यावर तिने नाक वर केलं. "करपल्याचा वास येतोय."

"क्लच असेल. तुमच्या त्या दगडांवर थोडा का दाबलाय!"

"क्लच असा वास मारत नाही. खाली सायलेन्सरला गवत अडकलंय. थांबवा, काढून टाकू. त्यानेच गाड्या पेटतात."

"पलीकडे पोचल्यावर काढू की. आता इथे कुठे..."

"भाऊजी."

या एका शब्दापुढे त्याचं घरातही काही चालत नसे. तो हसला. "बरं बाई, थांबवतो."

"अशी मधेच नको. बाजूला घ्या."

दिराने आरशात पाहिलं. मागे कुणी नाही, पुढे कुणी नाही. सकाळपासून माणूस म्हणून दिसला नव्हता. "कुणाला वाट द्यायचीय?"

"असू दे. वाटेत गाडी उभी करू नये."

त्याने मुकाट्याने स्टिअरिंग फिरवलं. उघडी माती मागे राहिली. गाडी दाट गवतात शिरली, आणि गवताने तिला चारी बाजूंनी पोटाशी धरलं. इंजिन बंद झालं. एकदम शांत वाटलं.

वहिनी जाड हातमोजे चढवून, पोतं अंथरून गाडीखाली सरकली. सायलेन्सरभोवती गवताचा काळपट गुंता बसला होता. ती मुठीमुठीने तो ओढू लागली. हाताला येईल ते मागे भिरकावत होती. तापलेलं लोखंड टिकटिक वाजत होतं.

"निघालं का?"

"निघतंय. जरा पाण्याचा कॅन द्या."

"पाणी कुठलं? दगडांत गाडी तापली तेव्हा सगळं रेडिएटरमध्ये ओतलं ना."

"राहू दे मग. झालंच."

शेवटची मूठ मागे टाकून ती बाहेर आली. तिने हातमोजे झटकले, गाडीच्या दारावर मायेने थाप मारली. "एवढी काळजी घेतली ना भाऊजी, की गाडी जन्मभर साथ देते."

 दीर मागच्या फळीला हात लावून उभा होता, कान पेट्यांकडे. आत माश्यांचा आवाज चढला होता, सगळ्या पेट्यांतून एकदम, एका सुरात. पेटी उघडण्याआधी भांड्यातून धूर दिला की तो असाच चढतो. दोघांनीही तो आजवर शेकडो वेळा ऐकला होता.

"वहिनी," तो हळूच म्हणाला, "धुराचं भांडं आपण घरीच ठेवलं ना?"