मुकाट जेवणारा माणूस

गोदाकाठच्या योगवर्गाला जायला लागल्यापासून आमच्या ह्यांनी भांडणच सोडलं. लग्नापासून माझ्या प्रत्येक भाजीला नावं ठेवणारा माणूस आता मुकाट जेवतो, वर हसतो. मला संशय आला. दुसरी बाई असती तर झिंज्या धरल्या असत्या. पण ह्यांचं मनच संसारातून उठलं असेल तर कुणाच्या धरू? म्हणून आज शेवभाजीत दुप्पट मीठ घातलं. ह्यांनी घास घेतला, डोळे मिटले, गिळला. "कशी झालीय?" "छान." "खोटं बोलायला शिकवतात का तिथं?" "अगं, समोर येईल ते तक्रार न करता घ्यायचं. हाच घरातला योग." मी पळी आपटली. "म्हणजे मलाही नुसतं सोसताय?" ताट सरकवून हे ओरडले, "तुला मुकाट सोसायची साधना अजून व्हायचीय! पाणी आण आधी!" "हात मोडले का तुमचे?" म्हणत मी हसू लपवायला माठाकडं वळले.