उन्हावर जगणारं कापड

फळ्यावर लिहायला हात उंचावला की गणित शिकवणाऱ्या शलाकाचा खांदा ठणकायचा. म्हणून तिने उन्हावर जगणाऱ्या कापडाची नवी ब्रा घेतली. तिचे पट्टे हालचालीप्रमाणे आपोआप सैल-घट्ट व्हायचे. पण दोन धुण्यांतच ती पुठ्ठ्यासारखी ताठ झाली.

“परतच करते,” ती सासूबाईंना म्हणाली.

“वाळत कुठे घातलीस?”

“नेहमीसारखी, टॉवेलखाली.”

“अगं, उपाशी मारलीस की तिला!” सासूबाईंनी गॅलरीत जाऊन टॉवेल ओढून काढला.

“आई, समोरचे बघतील!”

“बघू देत. खांदा तुझा दुखतोय, त्यांचा नाही.”

दुसऱ्या दिवशी शलाकाने फळ्याच्या वरच्या कडेपर्यंत लिहिलं. पट्टे हाताबरोबर अलगद सैलावले. घरी येताच तिने सासूबाईंना घट्ट मिठी मारली.

“पुरे गं,” त्या म्हणाल्या. मग हळूच विचारलं, “माझ्या मापाची मिळेल?”

शलाका लगेच टेप घेऊन आली.