चहाच तो

"मॅडम, हे औषध नाही, अन्न आहे," साहेब म्हणाले आणि त्यांनी शिपायाला तीन चहा सांगितले.

अन्न तपासणीच्या कचेरीत मुलीची ही दुसरी खेप. मागच्या खेपेला तिने बाटली टेबलावर ठेवली होती. हिरव्या चहाच्या अर्काच्या गोळ्या, वजन उतरवण्यासाठी. बाबा त्या नेमाने घेत. मग त्यांचे डोळे पिवळे झाले. यकृत गेलं, पाठोपाठ बाबा गेले. इतका अर्क रोज पोटात गेला तर काहींना सोसत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

आईला ते पटलं नव्हतं. दोघांनी गोळ्या बरोबरच सुरू केल्या होत्या आणि ती ठणठणीत होती. चहाने कधी कोणी मेलंय का, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारी. मुलीने बाटली लपवली, तर तिने नवी आणली. सरकारने गोळीत खोट काढली तर सोडेन, एवढंच ती कबूल झाली होती.

म्हणून आज मुलीने तिला मुद्दाम सोबत आणलं होतं.

रोज किती गोळ्या घ्यायच्या याला काही मर्यादा नाही का, असं मुलीने विचारलं. औषध असतं तर आधी चाचण्या लागल्या असत्या, साहेबांनी समजावलं. "पालक किती खाऊ, असं भाजीवाल्याला कोणी विचारतं का?"

"भाजीवाला गाडीभर पालक एका गोळीत कोंबत नाही."

साहेब हसले. माणूस वाईट नव्हता. बाबांबद्दल दोन शब्द बोलून त्यांनी निकाल सांगितला. "तुमची तक्रार खरी ठरली. गोळीत दोष निघालाय. कंपनीवर कारवाई होणार."

मुलगी आईकडे वळली. "ऐकलंस ना, आई?"

"ऐकलं गं. बहिरी नाहीये मी." आईने पिशवीतून आपली बाटली काढली आणि टेबलावर ठेवली. "घ्या. सोडल्या. पण साहेब, दोष कसला निघाला?"

"लिहिलाय त्याच्या निम्माच अर्क भरत होते. शुद्ध फसवणूक. आता पुरता भरायला लावलाय."

चहा आला. कोणीच कप उचलला नाही.

आईने बाटली परत पिशवीत टाकली. "तरीच ह्यांना गुण आला नाही," ती म्हणाली. "मी आता दोन-दोन घेत जाईन."