आलेखात न बसणारा आकडा

निवड चाचणीत ती शंभर मीटर अकरा पूर्णांक नऊ सेकंदांत धावली आणि प्रशिक्षक बाईंनी आनंदाच्या भरात शिट्टीच फुंकली. मैदानाच्या कडेला लॅपटॉप मांडून बसलेल्या आकडेतज्ज्ञांनी मात्र नकारार्थी मान हलवली.

"हा आकडा धरता येणार नाही. वर्षभर हिची वेळ साडेबारा आहे. आलेखात बसतच नाही हे. छातीवरच्या पट्ट्यातला सेन्सर बिघडलाय."

"अहो, माझ्या घड्याळातही तेवढीच वेळ आलीये!"

"हातातल्या घड्याळाचं काय घेऊन बसलात, बाई! मागच्या आकड्यांशी जुळायला नको का?"

"जुळू नये म्हणूनच तर पोरीने वर्षभर घाम गाळला ना!"

तज्ज्ञांनी शांतपणे तिच्या छातीवरचा पट्टा बदलायला लावला. "पुन्हा धाव, बाळ."

ती धावली. बारा सेकंद. आणखी एक पट्टा आला. बारा पूर्णांक दोन. आता पायांत गोळे येत होते, घशाला कोरड पडली होती, पण संघात एकच जागा उरली होती. चौथ्या खेपेला रेषा ओलांडली आणि ती तिथेच गुडघ्यांवर कोसळली. बाई पाण्याची बाटली घेऊन तिच्याकडे धावल्या.

पडद्यावर साडेबारा उमटले. जुनी वेळ, तंतोतंत.

तज्ज्ञांनी समाधानाने लॅपटॉप मिटला.

"बघा बाई, आलं की नाही मशीन ताळ्यावर!"