विहिरीवरची सुट्टी

“एकाला पाण्यानं नेलं, आता तूही जातेस?” आई दारात आडवी उभी राहिली. मोहिनीच्या हातात दोर आणि प्लास्टिकचे रिकामे डबे होते.

“दादाला पोहता येत असतं तर तो आज असता, आई. मी कॉलेजात पोहायला शिकले, आता सुट्टीत गावातल्या मुलींना शिकवते.”

विहिरीवर तिघीच आल्या. मोहिनीने त्यांच्या पाठीला डबे बांधले आणि एकेकीला पाण्यात हातावर तोलून धरलं. घरी जीव लागेना म्हणून आई रोज यायची, पण लांब बांधावर बसायची.

मे संपत आला तेव्हा सगळ्यांत लहान कस्तुरीने पहिल्यांदाच डब्याशिवाय उडी मारली आणि दिसेनाशी झाली. आई किंचाळत धावली. ती काठाशी पोचली तोवर कस्तुरी वर येऊन पाठीवर निवांत तरंगत होती.

“काकू, बघा!”

आई पायरीवर मटकन बसली आणि खूप रडली. मग पदराने तोंड पुसून उठली.

“कुठं निघालीस?” मोहिनीने विचारलं.

“बाकीच्या पोरींच्या घरी. तुझं त्यांच्या आया ऐकणार नाहीत. माझं ऐकतील.”