सरकारी बापाचा कोंबडा

बासष्ट साली सरकारी डॉक्टरने माझ्या थोरल्या बहिणीच्या कोंबडीत काचेच्या नळीने बीज सोडलं, आणि त्यातून जन्मलेला पांढरा कोंबडा माझ्या खांद्यावर बसून अख्खं बेंगळूर फिरला. अक्का मात्र तोच यल्लम्माला कापायचा नवस बोलली. देवळापुढे पुजारी देवाप्पाने कोंबडा संशयाने न्याहाळला. “बाप न बघितलेला जीव देवीला चालतो काय, अण्णा?” “बाप आहे की. सरकारी नोकरीत आहे, रजा मिळत नाही,” मी म्हणालो. कोणी हसलं नाही. रीत अशी, की पाणी शिंपडल्यावर कोंबड्याने अंग झाडलं तर देवीचा होकार, मगच सुरी. अक्काने दोनदा पाणी शिंपडलं. थेंब ओघळले, पण पीस हललं नाही. “नळीचं पोर देवीला नको,” देवाप्पा म्हणाला. अक्काने कोंबड्याच्या पाठीवरून हात फिरवला, बोटं सावकाश हुंगली आणि माझ्याकडे वळली. “विठोजी, घरातलं एरंडेल कुठं गेलं?”