कमलाकरांची राहिलेली इच्छा

"शिवला कावळा," सुश्रुतने दारातच सांगितलं, "पण फार अडून बसला होता."

मुंडन केलेल्या डोक्यावर कानटोपी आणि बुटांना ट्रेंट नदीच्या काठचा चिखल, असा तो उभा होता. वडिलांच्या, कमलाकरांच्या, दहाव्याचं करायला गुरुजी लेस्टरहून आले होते. नदीवर दोघंच होते आणि विधी उरकून गुरुजी तसेच परत गेले. घरात नॉटिंगहॅमच्या मराठी मंडळातल्या बायका त्याच्या आईभोवती, नीनाभोवती बसल्या होत्या.

"कशावर अडला होता?" मधुमतीताईंनी विचारलं. मंडळात त्यांच्या शब्दापुढे कोणी जात नसे.

"आईला सांभाळीन म्हटलं, घर विकणार नाही म्हटलं. ढिम्म! मग म्हटलं, बाबा, तुमचा स्पेनचा रस्ता आई सायकलवरून पूर्ण करेल. लगेच शिवला."

सगळ्यांच्या माना फ्रिजकडे वळल्या. तिथे कित्येक वर्षं एक पत्रक चिकटवलेलं होतं. दक्षिण स्पेनमधली बंद पडलेली रेल्वे, रूळ काढून केलेला खडीचा रस्ता, मोटारींना पूर्ण बंदी, दोन्ही बाजूंना ऑलिव्हची झाडं. कमलाकर आल्यागेल्याला ते कौतुकाने दाखवत. "गुडघा बरा झाला की निघालोच," असं वर म्हणत. गुडघा काही बरा झाला नाही, आणि त्या जानेवारीत हृदयाने दगा दिला.

नीनाने पदर डोळ्यांना लावला. मग तिने विचारलं, "नक्की स्पेनच म्हणालास?"

"हो."

"मग जायलाच हवं तुला, नीना," मधुमतीताई म्हणाल्या. "वर्षाच्या आत. त्यांचा जीव अडकवून ठेवू नकोस."

एरवी साठीच्या बाईने नवरा गेल्यावर वर्षाच्या आत सायकल घेऊन परदेशी जायचं काढलं असतं, तर मंडळाला महिनाभर दुसरा विषय लागला नसता. आता मात्र मंडळातल्या मीनलने तिथल्या तिथे स्वतःची सायकल देऊ केली.

सुश्रुत वेम्बलीला परत गेला आणि घर रिकामं झालं. नीना चुकून दोघांचा भात लावायची आणि उरलेला दुसऱ्या दिवशी फोडणी देऊन खायची. दिवसभरात पोस्टमनशी काय दोन शब्द होतील तेवढेच. मार्चमध्ये तिने मीनलची सायकल बाहेर काढली.

डर्बीशरमध्येही असाच जुन्या रेल्वेवरचा खडीचा रस्ता आहे. रविवारी तिथे रिटायर्ड मंडळींचा एक ग्रुप जायचा. त्यांच्यात नीना जाऊ लागली. पहिल्याच दिवशी तिने पायडलवर पाय ठेवून टांग मारली आणि सायकल चालवू लागली. ग्रुपचा म्होरक्या ब्रायन थक्कच झाला.

"यू आर अ नॅचरल, नीना!"

"माहेरी नाशिकला चालवायचे," ती इंग्रजीत म्हणाली. "आता ह्यांच्या नावाने जायचंय, स्पेनला."

ब्रायनने टोपी काढली. त्यानंतर त्याने तिला फार काही विचारलं नाही. बाकी सगळे जोडीजोडीने चालवायचे, गप्पा मारायचे, एकाच डब्यातली सँडविचेस खायचे. नीना मागे राहायची. चाकाखाली खडी करकरायची आणि दोन्हीकडे मेंढ्या मान वर करून बघायच्या. तिला फार एकटं वाटायचं. तरी पुढच्या रविवारी ती पुन्हा यायची.

सुश्रुतचा फोन यायचा. "आई, जमतंय ना? झेपणार नसेल तर राहू दे हं. बाबा समजून घेतील."

"शब्द दिलायस तू. पाळायला नको?"

"हो, पण..." सुश्रुत अडखळायचा आणि हवापाण्याचं काहीतरी बोलून फोन ठेवायचा.

ऑक्टोबरमध्ये ती एकटीच विमानात बसली.

स्पेनमधला रस्ता पत्रकात होता तसाच निघाला. लाल माती, ऑलिव्हच्या रांगा, खोल दरीवरचे लोखंडी पूल. वाटेत क्वचित कोणी भेटलं तर हात करायचं आणि निघून जायचं. एका पुलावर ती थांबली आणि खाली बघून बोलून गेली, "अहो, बघितलंत का?" मग कठड्याला धरून ती पोटभर रडली. कोणी बघायला नव्हतं, हे एक बरं होतं.

रस्ता संपला तिथे जुन्या स्टेशनात आता कॉफीचं दुकान होतं. तिने तिथूनच मुलाला फोन लावला.

"झाला रे पूर्ण."

पलीकडे सुश्रुत एका दमात बोलून गेला. "आई, रागावू नकोस. त्या दिवशी कावळा आलाच नाही गं. बदकं आली आणि सगळा भात खाऊन गेली. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. तू घरात कोंडून घेशील ह्या भीतीने मी थाप मारली."

"ठाऊक आहे मला."

"काय? कसं?"

"स्पेनचं नाव काढल्यावर तो कावळा उडून गेला असता, शिवला नसता." नीना हसली, पण तिचे डोळे भरून आले होते. "ते पत्रक मी आणलं होतं, सुश्रुत. मला यायचं होतं. पण मी एकटी आले असते तर लोकांनी ह्यांना विचारलं असतं, तुम्ही का नाही गेलात म्हणून. तशी त्यांची शोभा मला करायची नव्हती."

"पण त्यांचा गुडघा दुखायचा, सगळ्यांना माहीत होतं ते!"

"गुडघा ठणठणीत होता रे," नीना म्हणाली. "तुझ्या बाबांना सायकल चालवताच येत नव्हती."